डॉलरच्या सौद्याआधी एवढं वाचा
लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव निघतो तेव्हा डॉलरही त्यात असतोच. डॉलर चढला की आयातीचं पामतेल महागतं, आणि त्याच्यासोबत सोयाबीनलाही भाव येतो. पण म्हणून नांदेड-लातूरच्या पोरांनो, टेलिग्रामवरच्या फॉरेक्स टिप्सच्या नादी लागू नका.

एनएसईवर डॉलर-रुपयाचा एक लॉट १००० डॉलरचा. भाव ५० पैसे उलटा फिरला की ५०० रुपये गेले. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी ठेवायची रक्कम, थोडं लागतं, म्हणून दहा लॉट घ्यायचा मोह होतो. मग तोटाही पाच हजारांचा.

शिवाय मे २०२४ पासून आयात-निर्यातीसारखी खरी परकीय चलनाची जोखीम असेल तरच रुपयाचे हे सौदे करता येतात. परवानगी नसलेल्या ॲपवर सौदा केलात तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची ‘अलर्ट लिस्ट’ आहे, ती उघडा. त्यात नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत, असंही समजू नका.