कॅमेरा कोणत्या कंपनीचा घ्यावा?

घरी पहिला चांगला डिजिटल कॅमेरा घ्यावयाचा झाला, म्हणजे कॅनन, निकॉन की सोनी, असा वाद सुरू होतो. आमच्या मते छायाचित्राच्या गुणात या कंपन्यांमध्ये फारसे अंतर नाही. खरे अंतर माउंटचे, म्हणजे लेन्स जेथे बसते त्या कड्याचे आहे. एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. कॅमेरा बदलता येतो. भांडवल अडकते ते लेन्समध्ये.

कॅननने १९८७ साली माउंट बदलला, तेव्हा जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर बसेनात. २०१८ साली कॅनन व निकॉन या दोघांनीही नवे माउंट आणले. त्या खेपेस मात्र जुन्या लेन्ससाठी अ‍ॅडॉप्टर दिले.

म्हणून पुढे लागणाऱ्या लेन्सचे भाव व दुरुस्तीची सोय आधी पाहावी, कॅमेरा हाती धरून पाहावा, मगच सौदा करावा. खरेदी एका दिवसाची, पण पेढीशी संबंध वर्षानुवर्षांचा, हे व्यापारी बंधूंस निराळे सांगणे नलगे.