इंजिनिअरिंगचं कर्ज: सही करण्याआधीचा हिशेब



बारावी-सीईटीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "पोराला इंजिनिअरिंगला घालायचंय, गटातून पन्नास हजार मिळतील का?" आमच्या एका ताईंनी असेच गटातून पैसे उचलले, वर दारात येणाऱ्या फायनान्सवाल्याकडूनही घेतले. पोरगं आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि ताई मजुरीतून दर आठवड्याला हप्ता भरतायत. त्याला पगार लागायला अजून दोन-अडीच वर्षं आहेत. म्हणून आज हाच हिशेब मांडू. वही-पेन घेऊन बसा.

आधी व्याज. गटात आपण शेकडा 2 रुपये महिना घेतो. ऐकायला थोडं वाटतं, पण वर्षाचे 24 टक्के होतात. बँकेचं शैक्षणिक कर्ज साधारण 10 टक्क्यांच्या आसपास पडतं, बँकेप्रमाणे कमीजास्त. शिवाय त्याचा हप्ता शिक्षण संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होतो. गटाचं कर्ज शेळी, शिलाई मशीन, दुकानातला माल यासाठी ठीक, कारण तिथे पैसा लवकर फिरून येतो. चार वर्षांच्या शिक्षणाला ते परवडत नाही.

आता बँकेचं कर्ज. चार वर्षांची पदवी, दरवर्षी 1 लाख, म्हणजे 4 लाख. हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. 10 टक्के धरले तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज 50 हजार, दुसऱ्यावर 40, तिसऱ्यावर 30, चौथ्यावर 20. झाले 1 लाख 40 हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज 5 लाख 40 हजारांचं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 7,140 रुपये. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता 5,800 वर येतो, पण एकूण भरणा साडेआठ लाखांवरून जवळजवळ साडेदहा लाखांवर जातो. लहान हप्ता बघून खूश होऊ नका.

शिकतानाच व्याज भरत गेलात तर? पहिल्या वर्षी महिन्याला साधारण 835 रुपये, चौथ्या वर्षापर्यंत ते 3,335 होतात. पण मग हप्ता 4 लाखांवरच बसतो, साधारण 5,290 रुपये. सगळं धरून 80 हजारांच्या वर वाचतात. पहिल्या वर्षाचे 835 दुधाच्या पैशातूनही निघतील.

आता दुसरी बाजू, पगार. कॉलेजच्या फलकावर एकाच मुलाचा फोटो असतो, "12 लाखांचं पॅकेज". बाकीच्यांचं काय झालं? आणि पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे, त्यातून पीएफ आणि बाकीची कपात जाते. समजा पोराला पुण्यात 18 हजार हातात मिळाले. खोलीचे 4 हजार, मेसचे 4 हजार, जाण्या-येण्याचे आणि मोबाईलचे अडीच हजार. राहिले साडेसात हजार. त्यातून 7,140 चा हप्ता गेला की उरले 360 रुपये. आजारी पडला तर? हाच पगार 25 हजार असेल तर सात हजारांवर उरतात, मग कर्ज झेपतं. म्हणजे प्रश्न डिग्रीचा नाही, त्या कॉलेजातून त्या शाखेच्या मुलांना काय मिळतं याचा आहे.

ते कळतं कसं? एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजं सरकारला माहिती देतात आणि ती स्वतःच्या वेबसाईटवरही ठेवतात. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मधला पगार किती, हे त्यात असतं. मधला म्हणजे सगळे पगार लहान-मोठे लावले की बरोबर मधोमध येणारा. भाचा-पुतण्या कुणी असेल त्याला मोबाईलवर काढायला लावा. एखाद्या कॉलेजची ही माहिती सापडलीच नाही तर तिथे जाऊन गेल्या वर्षीच्या मुलांची यादी मागा. फी भरणारे आपण आहोत, लाजायचं कशाला?

कर्ज घ्यायच्या आधी सवलती बघा. राज्य सरकारने 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. अर्ज महाडीबीटीवर करायचा. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र आपलाच. खरं सांगू का, मुलासाठी शेत गहाण टाकायला तयार असलेली घरं मुलीला "बीए कर की जवळच" म्हणतात, आणि फी मात्र तिचीच माफ आहे.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. त्याला कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए मान्यतेचा लागतो. मघाचे 1 लाख 40 हजार असे वाचतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी रांग असते.

बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन किंवा घर तारण नसतं. कुणी सातबारा मागितला तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. पण आई किंवा बाप सहकर्जदार असतोच. मुलाने हप्ता थकवला तर सिबिल तुमचंही खराब होतं, आणि पुढे म्हशीसाठी बँकेत गेलात की तो थकलेला हप्ता समोर येतो.

येत्या बैठकीला ज्यांच्या घरी यंदा प्रवेश आहे त्यांनी कॉलेजचं फीचं पत्रक आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन या. हप्ता किती बसतो ते सगळ्या मिळून काढू, आणि मुलांनाही सोबत आणा, फेडायचं त्यांनाच आहे.