कार्डिंग खात्यातली वीज

जानेवारीत हिंगणघाटची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. पण सूतगिरणीच्या दारातून आत गेलं की अंगाला ओल जाणवते. छताखालच्या डक्टमधून दिवसरात्र दमट हवा सोडलेली असते. ही काळजी सुताची. कार्डिंगच्या यंत्रापाशी वाकून पाहिलं की तिचं कारण समजतं. तारेच्या बारीक दात्यांनी विंचरलेला कापूस शेवटच्या रोलरवरून पारदर्शक पदरासारखा सुटतो, मग एकत्र येऊन त्याचा पेळू होतो आणि पेळू वेटोळी घालत डब्यात उतरतो. हवा कोरडी पडली की हाच पदर बिनसतो. तंतू एकमेकांपासून दूर पळतात, कडा पिंजारतात, कापूस रोलरला लपेटून बसतो. "पाणी बंद करा, अन् पाहा मंग तमाशा," पेळूवरची नजर न हलवता तिथले जॉबरभाऊ म्हणाले.

हा तमाशा घर्षणाच्या विजेचा आहे. दोन पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. कोण देणारा आणि कोण घेणारा, याची पहिली क्रमवारी योहान विल्के याने १७५७ मध्ये मांडली. लोकर, रेशीम आणि आपली त्वचा ही देणाऱ्यांत, टेफ्लॉन घेणाऱ्यांच्या टोकाला. कापूस जवळपास मध्यावर, त्यामुळे एकटा तो फार काही करत नाही. समोर टेफ्लॉन आला की मात्र देतो. शिवाय कापूस आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के पाणी हवेतून धरून ठेवतो आणि त्या ओलाव्यातून विद्युतभार वाहून जातो. गिरणीतल्या दमट हवेचं काम एवढंच.

गिरण्या जिला पाणी पाजून शांत करतात, तीच वीज झोंग लिन वांग यांच्या जॉर्जिया टेकमधल्या गटाने २०१२ मध्ये मुद्दाम गोळा करायला घेतली. ती गोळा करण्याची रचना घरच्या टेबलावरही जमते. एका पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणि तिच्यावर धुतलेल्या जाड सुती कापडाचा चौकोन. दुसऱ्या पुठ्ठ्यावर फॉइल आणि तिच्यावर प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. दोन्ही फॉइलना तारा, मध्ये चार डायोड, शेवटी एक छोटा एलईडी. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठे एकमेकांवर थापले की दिवा लुकलुकतो. कापड आणि टेप जवळ येताना इलेक्ट्रॉन तारेतून एका बाजूला सरकतात, दूर जाताना परत फिरतात. व्होल्टेज भरपूर, करंट अगदी नगण्य. मग मी त्या कापडावर तोंडाची वाफ सोडली. पुन्हा कितीही थापलं तरी दिवा लागेना. कापड उन्हात वाळवल्यावर तो परत लागला.

नैसर्गिक पदार्थांतून वीज काढण्याची ही एकच वाट नाही. लाकूड दाबलं की त्यातल्या सेल्युलोजमुळे विद्युतभार उमटतो, हे जपानच्या एइची फुकादा यांनी १९५५ मध्ये दाखवलं; नंतर हाडातही तेच सापडलं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये माशांच्या खवल्यांतल्या कोलॅजेनपासून असा जनित्र-तुकडा केला. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि त्याचा तर इथे बाजारच भरतो. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे मुंबईच्या व्यापारात कापसाच्या एका जातीचंच नाव होतं.

अशा विजेवर मोबाइल चार्ज होण्याची स्वप्नं मला पटत नाहीत. अंगावरच्या कापडातून मिळते ती मायक्रोवॅटच्या हिशेबातली. पण सेन्सरला तेवढीही बऱ्याचदा लागत नाही, कारण इथे जनित्र हाच सेन्सर असतो. छातीभोवती पट्टा बांधला आणि त्यात सुती व टेफ्लॉनचे थर समोरासमोर ठेवले, तर प्रत्येक श्वासाबरोबर ते जवळ-दूर होतात आणि तारेत एक लाट उठते. श्वास किती खोल, किती भरभर, हे त्या लाटेतच असतं. बॅटरी लागते ती फक्त लाट वाचायला आणि पुढे पाठवायला.

हा पट्टा सगळ्यात आधी कार्डिंग खात्यातल्या माणसांच्या अंगावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कापसाची धूळ तिथेच जास्त उडते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळते, बहुधा सोमवारी. पुढच्या दिवसांत बरं वाटतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. फुप्फुसांची ताकद शिफ्टच्या आधी आणि नंतर स्पायरोमीटरने मोजली तर घट दिसते, पण फुंकर मारून घेण्याची ही तपासणी क्षणापुरतीच. पट्टा आठ तासांचा श्वास लिहून ठेवेल.

अडचण तीच, वाफेने दाखवलेली. ज्या खात्यात पट्टा हवा तिथेच हवा मुद्दाम दमट ठेवलेली, त्यात कामगाराचा घाम. म्हणून थर पातळ, पाणी न शिरणाऱ्या आवरणात बंद करावे लागतात आणि अंगाला लागणारं कापड वेगळं, काढून धुता येईल असं ठेवावं लागतं. आवरण जाड झालं तर पट्टा ताठ होतो, श्वास दबतो. ते इतकं मऊ हवं की पेळूचे डबे उचलताना, वाकताना पट्टा अंगावर आहे हे विसरायला व्हावं. वाकण्या-उचलण्याच्या लाटाही श्वासाच्या लाटेत मिसळणारच. त्या वेगळ्या काढण्याचा अभ्यास प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर होणार नाही. तो चालू शिफ्टमध्ये, सोमवारपासून शनिवारपर्यंत, स्पायरोमीटरचे आकडे शेजारी ठेवूनच करावा लागेल.