कचोरी गार होईपर्यंत वाचलेल्या कादंबऱ्या

कादंबऱ्यांना खडसावायची बुलढाण्याची खोड जुनी आहे. इथल्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 साली पुण्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या बालहत्येच्या खटल्यावरून बायकांवर जो गहजब चालला होता, त्यानं त्या पेटल्या होत्या; पण जाता जाता त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणाचीही त्यांनी सालटी काढली. वडील बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क, लेक थेट लेखकांच्या उलटतपासणीला! महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढं पुस्तक असं विस्मरणात गेलं, की स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत 1975 उजाडलं.

आणखी एक गंमत. ताराबाईंचा जन्म साधारण 1850चा, आणि पहिली मराठी कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857ची. म्हणजे मराठी कादंबरी ताराबाईंहून वयानं धाकटी! मी ती कुतूहलापोटी उघडली. नवरा-बायको प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतात. मग नवराच वारतो, यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. उपदेशाचे डोस जड आहेत, पण 1857 साली नायिकेचा पुनर्विवाह लावून देणारा लेखक भित्रा नव्हता, हे कबूल.

आता घरची कादंबरी. सदानंद देशमुख मूळचे चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांच्या ‘बारोमास’ला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढं तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. एकनाथ तनपुरे शिकला-सवरला, पण नोकरीसाठी भरायला पैसा नाही म्हणून शेतीत अडकला. बायको अलका शहरातली. तिला नोकरीवाला नवरा हवा होता. घाटावर ही गोष्ट कुणालाही सांगा, चार घरं सोडून पाचव्यात एकनाथ निघतो. म्हणूनच ही कादंबरी मला एका बैठकीत झेपली नाही. बियाणं, उधारी, आभाळाकडं लागलेले डोळे, घरातली धुसफूस: पानागणिक ओळखीचं काहीतरी टोचतं. एक तक्रार मात्र आहे. मधे मधे पात्रं बोलायची थांबतात आणि भाषण सुरू होतं. पण लगेच एखादी माउली तोंडाचा पट्टा सोडते आणि सगळं माफ.

आपल्याकडं पावसाचं भाकीतही वाचूनच काढतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. त्यात धान्यं, पापड, कुरडई, विडा-सुपारी. रात्रभरात काय हललं ते पहाटे पाहून पीकपाणी सांगतात, आणि विड्यावरून राजाची गादी टिकते का तेही! ‘बारोमास’ वाचल्यावर कळतं, की शेतकरी असल्या वाचनाला कान का देतो. दुसरा काही भरवसाच नसतो.

वऱ्हाडी बोलीची चटक लागली असेल तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960) घ्या. नायिका कौतिक. हे नाव आमच्या भागात बाप्याचंही असतं, तेव्हा नवख्यानं जरा सांभाळून. शिंप्याचं घर, बिनकामाचा नवरा, त्यात त्याला महारोग. तरी ही बाई हटत नाही. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. मनातल्या मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. निम्मी मजा कानात आहे. दुःख मात्र फार आहे. लागोपाठ दुसरी जड कादंबरी घेऊ नका.

जाड कादंबरी हवी तर रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर, त्यामुळं इथला वाचक ती जरा हक्कानंच वाचतो. प्रस्तावना गाळणाऱ्यांपैकी मी एक, पण नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्रच इथं प्रस्तावना झालंय, आणि ते कादंबरीइतकंच खिळवून ठेवतं. 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सवाला लोटणारी गर्दी पुस्तकांच्या दुकानांवरही तुटून पडते. जत्रेत पिशवी भरून पुस्तकं नेणारी माणसं बघायची असतील तर त्या दिवशी या.

खपात मात्र कुठलीच कादंबरी शेगावपुढं टिकणार नाही. तिथल्या गजानन महाराजांवरचा दासगणूंचा ‘गजानन विजय’, 21 अध्याय, ओवीबद्ध. पारायणाचा ग्रंथ म्हणून बाजूला ठेवू नका. संकटं, चमत्कार, फजिती, भांडणं, सगळा मसाला आहे. शेगाव स्टेशनात कचोरी घेऊन बाकड्यावर बसलात तर एक अध्याय सहज होतो. कादंबरीला तिथं हात घालू नये. पानांना तेल लागतं आणि गाडी सुटते.

देशमुखांचीच ‘तहान’ अजून वाचायची आहे. ‘बारोमास’च्या आधीची. नावावरूनच घसा कोरडा पडतो, म्हणून ती मुद्दाम पावसाळ्यासाठी राखून ठेवलीय.