दुखण्याची वाट बघायची नाही

सकाळी ८.३० : जिल्हा रुग्णालयाचं औषध भांडार. सिस्टर कुलूपबंद कपाटातून मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या काढतात, मोजतात, रजिस्टरवर सही करतात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने ही गोळी दुर्मीळ केली होती. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. हिशेब मात्र अजून एकेका गोळीचा.

९.१५ : गाडी सिन्नरच्या रस्त्याला लागते. पिशवीत गॉझ, हातमोजे, कॅथेटर, बीपीचं यंत्र. सिस्टरांची नोकरी कंत्राटी. पगाराची तारीख नक्की नाही, घरभाड्याची आहे.

१०.३० : आजींच्या गालावर कर्करोगाची जखम. वासामुळे नातवंडं खोलीत येत नाहीत. सिस्टर जुनी पट्टी मिठाच्या पाण्याने भिजवून अलगद सोडवतात, ओढत नाहीत. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दोन चमच्यांत चुरून ती पूड जखमेवर पसरतात. वास याने कमी होतो. गोळी स्वस्त आहे, गॉझ रोज परवडत नाही. सुनेने जुन्या धोतराचे तुकडे कुकरमध्ये वाफवून ठेवलेत. सिस्टर तेच वापरतात.

१२.०० : काकांचा कर्करोग हाडांत पसरलाय.
"काका, दहापैकी किती दुखतंय?"
"आठ."
मुलगा अगदीच असह्य झालं की गोळी देतो. सवय लागेल ही भीती. सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ला एकेक. रात्री १०ला दोन, म्हणजे मधे उठवायला नको. "दुखण्याची वाट बघायची नाही. घड्याळ बघायचं. आणि पोट साफ होण्याची गोळी रोज, चुकवायची नाही."

२.०० : गाडीतच डबा. भाकरी अर्धी होते तोवर दोन फोन.

३.०० : इथला पेशंट गेल्या आठवड्यात गेला. तरी सिस्टर येतात, बसतात. उपचारासाठीच्या मुंबईच्या फेऱ्यांत एक एकर जमीन गहाण पडलीय. बायको उरलेल्या गोळ्या पुढे करते. "शेवटी शेवटी झोप लागायची हो त्यांना. आधीच कोणी सांगितलं असतं तर..." सिस्टर गोळ्या मोजतात, तिची सही घेतात.

५.३० : रुग्णालयात परतलेल्या गोळ्यांची नोंद. उद्याची यादी.

दुखणं कमी करणारी ही सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, शेवटच्या चार दिवसांपुरती नाही. घरात कर्करोगाचं निदान झालं, तर उपचार सुरू असतानाच जिल्हा रुग्णालयात तिची चौकशी करा.