आजार येण्याआधी रेशनकार्ड उघडून पाहा

काही वर्षांपूर्वी वणीतील आमच्या ओळखीच्या एका घरातील सुनेला शस्त्रक्रियेसाठी नाशिकला न्यावे लागले. सरकारी योजनेतून खर्च होईल, अशी घरच्यांची समजूत होती. रुग्णालयात रेशनकार्ड पाहिले, तर त्यावर सुनेचे नावच नव्हते. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून ते कमी केले, पण सासरच्या कार्डात घालायचे राहून गेले होते. शेवटी व्याजाने पैसे काढावे लागले. त्या कुटुंबाची योजनेसाठीची पात्रता होती, पण ती कागदावर आली नव्हती. अशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे देण्यात आले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. परंतु आपल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत रोजंदारी करणारे त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी आधार आहे तो राज्य शासनाच्या योजनेचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये नाशिकसह उरलेल्या जिल्ह्यांत आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे.

आता पात्र कोण, ते पाहू. पूर्वी प्रामुख्याने पिवळे, केशरी, अंत्योदय व अन्नपूर्णा कार्डधारकांना लाभ मिळे आणि मर्यादा वर्षाला दीड लाख रुपयांची होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारक कुटुंबे योजनेत आली व मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाली. सत्तर वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. त्यास उत्पन्नाची अट नाही. कोठेही हप्ता भरावयाचा नाही.

तथापि, काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात. लाभ फक्त योजनेतील रुग्णालयातच मिळतो आणि तोही ठरवून दिलेल्या उपचारांसाठी, दाखल झाल्यावर. सर्दी-तापाच्या गोळ्यांचा खर्च यात येत नाही. रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी तेथील आरोग्यमित्राला भेटावे. तो कागदपत्रे तपासून मंजुरीसाठी पाठवितो. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेता येते, पण कागद मागाहून द्यावेच लागतात. तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी परतण्याचे भाडेही योजनेतच धरलेले असते. त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारणा करावी.

तेव्हा आज घरी गेल्यावर रेशनकार्ड काढा. घरातील प्रत्येक माणसाचे नाव त्यावर आहे काय? नव्या सुनेचे, धाकट्या मुलाचे? नाव, आडनाव व जन्मतारीख आधारकार्डाशी जुळते काय? नसेल तर दिंडोरीच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत अर्ज द्या. आयुष्मान कार्ड सेवा केंद्रात काढून मिळते. गावातील आशाताईही त्यात मदत करतात.

आपल्यातील शिकलेल्या तरुणांना आमची एक विनंती आहे. आपल्या आळीतील दहा घरांची कार्डे तपासण्याचे काम प्रत्येकाने अंगावर घ्यावे. एका रविवारचे काम आहे. त्यातून एखादे घर सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचले, तरी तो रविवार सार्थकी लागला असे आम्ही समजू.