अलॉय चाकांवरील हट्टी डाग : सफाई करताना घ्यावयाची दक्षता

स्पोर्ट्‌स कारच्या अलॉय चाकांवरील तपकिरी डाग केवळ धुळीचे नसतात. ब्रेक लावताना लोखंडी डिस्क व पॅड झिजून निघालेले तप्त लोहकण चाकाच्या लॅकरमध्ये रुततात आणि ओलाव्याने गंजतात. त्यामुळे ते साध्या शाम्पूने निघत नाहीत.

सफाईपूर्वी चाके थंड होऊ द्यावीत. गरम चाकावर द्रावण सुकून नवे डाग पडतात. हातमोजे घालून, चाके पाण्याने धुऊन लोहकण विरघळविणारे उदासीन द्रावण फवारावे. लोहाशी संयोग होताच ते जांभळे होते. ते सुकण्यापूर्वीच मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे.

तारेची घासणी लॅकर खरवडते. हायड्रोफ्लोरिक आम्लयुक्त द्रावणे मात्र कटाक्षाने टाळावीत. हे आम्ल अ‍ॅल्युमिनियम तर खातेच, शिवाय त्वचेतून शरीरात शिरून प्राणघातकही ठरू शकते.